आरोग्य सेवेतील बदल लोकप्रतिनिधींना विचारल्याशिवाय होऊ नयेत : निवेदन

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र राज्य
मा. मंत्री, ग्रामविकास विभाग, महाराष्ट्र राज्य
(मार्फत : मा. जिल्हाधिकारी, सिंधुदुर्ग)

विषय : शासकीय आरोग्य संस्था बंद करणे, हलवणे, हस्तांतरित करणे किंवा तेथील डॉक्टर अन्यत्र पाठवणे यापूर्वी जिल्हा परिषदेची आरोग्य समिती व संबंधित ग्रामसभा यांचे मत घेणे बंधनकारक करण्याबाबत.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे दोडामार्ग व सावंतवाडी तालुक्यांतील ग्रामस्थ आहोत. आमच्यात काजू बागायतदार आहेत, निवृत्त शिक्षक आहेत, माजी सरपंच आहेत आणि गावागावांतून रुग्णांना गाडीत घालून नेणारे तरुण आहेत. आमची मागणी नव्या इमारतीची नाही. असलेल्या सेवेत बदल करताना आम्हाला आधी विचारले जावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

हे म्हणणे कुठून आले ते सांगतो. एका पावसाळ्यात आमच्यापैकी एकाच्या भावाला गवत काढताना फुरसे चावले. वीस मिनिटांत त्याला जवळच्या शासकीय दवाखान्यात पोहोचवले. लस फ्रीजमध्ये होती. ती टोचून रात्रभर लक्ष ठेवणारे डॉक्टर मात्र नव्हते. चौकशी केली तेव्हा कळले, की तीन आठवड्यांपूर्वी त्यांना दुसरीकडे प्रतिनियुक्तीवर पाठवले आहे. दारावरच्या फलकावर त्यांचे नाव आणि वेळ जशीच्या तशी होती. ग्रामपंचायतीला कागद नव्हता, आशाताईंना निरोप नव्हता. परिचारिका बिचारी एकटी. तिने चिठ्ठी लिहून हातात दिली आणि म्हणाली, "हंय काय जमाचा नाय, बांबोळीक व्हरा." म्हणजे गोव्यातील बांबोळीच्या शासकीय रुग्णालयात न्या. भाऊ वाचला, उजव्या हाताची दोन बोटे गेली. त्या परिचारिकेविरुद्ध किंवा त्या डॉक्टरांविरुद्ध आमची तक्रार नाही. डॉक्टरांना जिथे पाठवले तिथेही माणसेच आहेत. पण एवढा मोठा बदल एका कागदावर झाला आणि ज्या गावांचे रात्रीचे डॉक्टर गेले त्यांना तो साप चावल्यावर कळला, हे आम्हाला मान्य नाही.

अशा रात्री रुग्ण किती धन्यांच्या दारातून जातो, याचा शासनाने एकदा विचार करावा. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचे. तेथे जिल्हा आरोग्य अधिकारी पाहतात. ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालय राज्याच्या आरोग्य विभागाचे. तेथे जिल्हा शल्य चिकित्सकांचा अधिकार. २०२१ मध्ये सिंधुदुर्गला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले, ओरोसचे जिल्हा रुग्णालय त्याला संलग्न झाले आणि वैद्यकीय शिक्षण विभाग हा तिसरा धनी आला. दोडामार्गकरांना ओरोसपेक्षा बांबोळी जवळ, म्हणून चौथे दार गोवा सरकारचे. रुग्ण एकच, चिठ्ठीही एकच. पण या चारही दारांचा एकत्र हिशेब मागेल असे निवडून आलेले एकही सभागृह नाही. जिल्हा परिषदेचा सदस्य प्राथमिक केंद्रातील औषधसाठ्याबद्दल प्रश्न विचारू शकतो. तेथून पाठवलेल्या रुग्णाला पुढच्या रुग्णालयात खाट मिळाली का, हे विचारले की उत्तर येते, "तो आमचा विषय नाही."

गोव्याने १ जानेवारी २०१८ पासून राज्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लावले. वर्षानुवर्षे आमच्या लोकांवर बांबोळीत मोफत उपचार झाले, त्याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत, आणि आपल्या राज्यातील लोकांचा आधी विचार करण्याचा गोवा सरकारला अधिकारही आहे. परंतु सीमेवरच्या तालुक्यांच्या उपचाराची वाट बदलणारा हा निर्णय आम्हाला वर्तमानपत्रात वाचावा लागला. त्यानंतर दोडामार्गला लोक रस्त्यावर उतरले. विचारायला जागा नसली की माणसे रस्त्यावर येतात.

दुसरी गोष्ट निकषांची. सपाट प्रदेशात ३० हजार आणि डोंगरी वा आदिवासी भागात २० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, हा सरकारी हिशेब. आमच्या जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये ८ लाख ६८ हजार होती, ती २०११ मध्ये ८ लाख ४९ हजारांवर आली. मुले मुंबईला गेली, गोव्याला गेली. घरात म्हातारी माणसे राहिली. ज्यांना दवाखाना सर्वांत जास्त लागतो तेच मागे उरले आणि डोकी मोजली की केंद्राची गरज कमी दिसते. पावसात ओहोळाला पाणी आले की वाडी तुटते, हे त्या कोष्टकात येत नाही. ते आमच्या सरपंचांना आणि वाडीवरच्या आशाताईंना ठाऊक असते.

माकडतापाचेच पाहा. २०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यातील केर गावात तो दिसला आणि पुढच्या हंगामात बांदा परिसरात पसरला. गोचिडीमुळे होणारा हा ताप जंगलालगतच्या काजूबागांत जाणाऱ्या माणसांना गाठतो. काजूचा हंगाम आणि या तापाचा हंगाम एकच. त्या महिन्यांत इथला एक डॉक्टर किंवा एक प्रयोगशाळा तंत्रज्ञ हलवणे म्हणजे काय, हे मुंबईत आदेश टंकित करणाऱ्याला कळणार नाही, त्याचा दोषही नाही. इथल्या समितीला मात्र ते एका वाक्यात सांगता आले असते.

आम्ही काही जगावेगळे मागत नाही. ७३ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत रुग्णालये, प्राथमिक आरोग्य केंद्रे व दवाखाने यांसह आरोग्य हा पंचायतींचा विषय म्हणून स्पष्ट लिहिला आहे. १९६१ च्या जिल्हा परिषद अधिनियमाने आरोग्य समिती दिली आहे. केरळने १९९० च्या दशकात प्राथमिक केंद्रे ग्रामपंचायतींकडे आणि जिल्हा रुग्णालये जिल्हा पंचायतींकडे सोपवली. महाराष्ट्रातही २००७ पासून काही जिल्ह्यांत आरोग्य सेवांवर लोकाधारित देखरेख झाली, जनसुनवाईत वैद्यकीय अधिकाऱ्यांनी लोकांसमोर उत्तरे दिली. म्हणजे वाट आपल्याच राज्याने पाडलेली आहे. उलट आमच्या जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकांनी कारभार पाहिला. त्या काळात आरोग्य समितीच नव्हती, मग प्रश्न कोण कोणाला विचारणार?

म्हणून आमची मुख्य मागणी अशी : शासकीय आरोग्य संस्था बंद करणे, स्थलांतरित करणे, दुसऱ्या विभागाकडे किंवा खासगी संस्थेकडे सोपवणे, तेथील डॉक्टर अन्यत्र पाठवणे, खाटा वा रात्रीची सेवा कमी करणे, यांपैकी कोणताही प्रस्ताव किमान साठ दिवस आधी मराठीत, कारणांसह जिल्हा परिषदेच्या आरोग्य समितीपुढे आणि बाधित गावांच्या ग्रामसभांपुढे ठेवावा. समितीचा विरोध असेल तर तो डावलण्याची कारणे मंत्र्यांनी लेखी द्यावीत. अधिनियमात दुरुस्ती होईपर्यंत यासाठी शासन निर्णय काढावा.

या समितीपुढे जिल्हा शल्य चिकित्सक आणि वैद्यकीय महाविद्यालयाचे अधिष्ठाता यांनी तीन महिन्यांतून एकदा स्वतः उपस्थित राहावे. प्रतिनिधी पाठवून चालणार नाही. कोणत्या केंद्रातून किती रुग्ण पुढे पाठवले, का पाठवले आणि ते कुठे पोहोचले, याचा तक्ता तेथे मांडावा व इतिवृत्त ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावे. गोव्याशी रुग्णसेवेबाबत जी बोलणी होतील त्यांत सीमेवरील तालुक्यांचा लोकप्रतिनिधी असावा.

प्रतिनियुक्तीचा आदेश ज्या दिवशी निघेल त्याच दिवशी ग्रामपंचायतीला, आशाताईंना आणि १०८ रुग्णवाहिकेच्या चालकाला कळवावे, आणि दारावरचा फलक बदलावा. याला पैसा लागत नाही.

काजूचा हंगाम पुन्हा येईल. त्याआधी शासन निर्णय व्हावा आणि या निवेदनावरील कार्यवाही आम्हाला लेखी कळवावी, ही नम्र विनंती.

आपले विश्वासू,
दोडामार्ग व सावंतवाडी तालुक्यांतील ग्रामस्थ
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे.)

प्रत माहितीसाठी : मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, सिंधुदुर्ग