लांब पल्ल्याची धाव

सन २०२४ च्या कोजागिरीस रात्री नऊ वाजता आम्ही नव्या पेठेतून तुळजापुराकडे धावत निघालो, ही वार्ता शाळेत पोहोचली तेव्हा कोणी कौतुक केले, कोणी हसले, आणि एका पालकांनी तर "सर, एस.टी.चे भाडे आम्ही दिले असते की!" असा टोलाही लगावला. त्या सर्वांस उत्तर देण्यासाठी आम्ही लेखणी उचललेली नाही. त्या रात्री आमची जी फजिती झाली तिच्यामुळे शाळेतील शर्यतींविषयीचे आमचे जुने मत पालटले. ते पालटलेले मत विद्यार्थी व पालक यांच्यापुढे ठेवावे, एवढाच हेतू आहे.

मॅरेथॉनचे अंतर ४२.१९५ किलोमीटर. त्याहून लांब पल्ल्याच्या धावेस अल्ट्रामॅरेथॉन असे म्हणतात. सोलापूर ते तुळजापूर हे अंतर सुमारे ४५ किलोमीटर आहे. म्हणजे आमची धाव या प्रकारातील अगदी उंबरठ्यावरची होय. दक्षिण आफ्रिकेत डर्बन व पीटरमारित्झबर्ग या दोन शहरांच्या दरम्यान कॉम्रेड्स नावाची जी प्रसिद्ध शर्यत होते, तिचा पल्ला याच्या जवळजवळ दुप्पट, नव्वद किलोमीटरांच्या आसपास असतो. (पीटरमारित्झबर्ग म्हणजे तेच गाव, जेथे १८९३ साली गांधीजींना आगगाडीतून उतरविण्यात आले.) तरीही आमच्या उंबरठ्याची आम्हांस मोठी घमेंड होती. सहा महिने पहाटे पार्कच्या मैदानावर आणि विजापूर रस्त्यावर आम्ही घाम गाळला होता. नवे बूट होते, मनगटावर पावले मोजणारे घड्याळ होते, आणि पाठीवर दोन लिटर पाणी मावेल अशी पिशवी होती. रूपाभवानीच्या देवळापासून पुढे रस्ता माणसांनी नुसता फुलला होता. कोजागिरीस सोलापुरातून व पलीकडे कर्नाटक-तेलंगणातून हजारो लोक तुळजापुरास पायी जातात, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. अनवाणी बाया, खांद्यावर लेकरू घेतलेले बाप, काठी टेकीत चाललेले म्हातारे, या सर्वांना मागे टाकीत आम्ही धावत सुटलो. मागे टाकलेल्यांची मनातल्या मनात मोजदादही चालविली होती, हे कबूल केलेले बरे.

तामलवाडीच्या आसपास घड्याळात सव्वाअकरा झाले आणि ती मोजदाद थांबली. आधी पोटऱ्यांत गोळे आले. मग मळमळू लागले. डोके जड झाले, आणि हातांची बोटे इतकी सुजली की अंगठी फिरेना. आम्ही घाबरून आणखी पाणी प्यालो, तो जे पोटात होते ते सर्व बाहेर पडले. रस्त्याच्या कडेला एका दगडावर आम्ही बसलो असता, ज्यांना मागे टाकले होते ती सगळी माणसे आमच्या समोरून एकेक करून पुढे जाऊ लागली.

पूर्व भागात यंत्रमागावर काम करणारे एक वृद्ध गृहस्थ आपल्या दहा-बारा सोबत्यांसह तेथून चालले होते. घरी तेलुगू बोलणारे, परंतु आमच्याशी अस्सल सोलापुरी मराठीत बोलले.

"सर, किती पाणी प्यालात?"

"दोन पिशव्या संपल्या, मामा."

"आणि खाल्लं काय?"

आम्ही गप्प. त्यांनी धोतराच्या ओच्यातून कडक भाकरीचा तुकडा आणि शेंगाचटणीची पुडी काढून आमच्या हातावर ठेवली. "हळूहळू चावा. पाणी आता तहान लागेल तेव्हाच. एवढी घाई कशाला? देवी कुठं पळून चाललीय का?"

या ठिकाणी विद्यार्थ्यांसाठी थोडे शास्त्र सांगतो, कारण मामांनी जे अनुभवाने सांगितले ते वैद्यकशास्त्रास फार उशिरा उमगले. पुष्कळ वर्षे धावणाऱ्यांना उपदेश होत असे की जितके पिता येईल तितके पाणी प्या. परंतु शरीर जितके पाणी बाहेर टाकू शकते त्याहून अधिक पाणी तासन् तास पोटात गेले, तर रक्तातील सोडियम पातळ होते. मळमळ, डोकेदुखी, सूज ही त्याची आरंभीची लक्षणे, आणि प्रकरण वाढल्यास मेंदूस सूज येऊन माणूस बेशुद्ध होतो, प्रसंगी प्राणासही मुकतो. कॉम्रेड्ससारख्या लांब शर्यतींत धावलेल्यांची अशी उदाहरणे डॉ. टिम नोक्स यांनी १९८५ साली प्रसिद्ध केली, तेव्हा कोठे या धोक्याकडे डॉक्टरांचे लक्ष गेले. आमचा प्रकार तेवढ्यावर गेला नाही हे आमचे भाग्य. तहानेने प्यावे, भरीस पडून पिऊ नये, आणि डोके गरगरू लागले तर धावणे सोडून मदत मागावी, हे पुस्तकातही आहे. आम्ही ते वाचलेही होते. वाचलेले रात्री सव्वाअकराला आठवत नाही.

तासाभराने उठून आम्ही मामांच्या मंडळींबरोबर चालू लागलो. धावणे संपले होते. डाव्या टाचेवर फोड आला होता, तो माळुंब्र्याच्या अलीकडे फुटला. मग बूट हातात घेऊन चाललो. रस्त्यावर जागोजाग चहा, दूध, केळी वाटणारी मंडळी होती. एका ठिकाणी तर कोणा तरुणांनी यात्रेकरूंचे पाय चेपून देण्याची सोय केली होती. संकोच सोडून आम्हीही पाय पुढे केले. शिक्षकास हे जरा जड जाते!

मामांच्या मंडळींचा एक नियम होता. घाटाच्या पायथ्याशी सर्वांनी थांबावयाचे, आणि शेवटचा माणूस आल्याखेरीज कोणी वर चढावयाचे नाही. आम्ही त्यांच्यात नवखे. आमच्यासाठी तो नियम लागू असेल अशी आमची कल्पना नव्हती. फोडामुळे आम्ही बरेच मागे पडलो होतो. पायथ्याशी पोहोचलो तेव्हा ती बारा माणसे पोती अंथरून बसलेली दिसली. कोणी डुलकी घेत होते, कोणी तंबाखू मळीत होते. मामा म्हणाले, "आले सर. चला उठा." त्यावर कोणी काही बोलले नाही. पावणेसहाच्या सुमारास आम्ही सर्वजण तुळजापुरात शिरलो. पंचेचाळीस किलोमीटरांस पावणेनऊ तास.

आता ज्या गोष्टीसाठी हे सारे सांगितले तिच्याकडे वळतो.

काही वर्षांपूर्वी वार्षिक क्रीडास्पर्धांत पंधराशे मीटरच्या शर्यतीची फीत धरण्याचे काम आमच्याकडे होते. पहिले तीन क्रमांक लागले, नावे लिहिली गेली, टाळ्या झाल्या. बक्षीससमारंभास उशीर होत होता म्हणून आम्ही फीत गुंडाळली आणि घड्याळ खिशात टाकले. सातवीतील एक स्थूल मुलगा अद्याप शेवटच्या फेरीत होता. आम्हांस तो दिसलाही होता. रेषेपाशी कोणी नाही असे पाहून तो वळणावरच धावणे सोडून मैदानाच्या कडेने वर्गाकडे चालता झाला. पुढे तो कोणत्याही शर्यतीत उतरला नाही. त्या वेळी आम्हांस त्याचे काहीच वाटले नाही. किंबहुना 'पुरे करण्याची जिद्द नाही' असा शेराही आम्ही मारला असावा. घाटाच्या पायथ्याशी त्या बारा माणसांना पाहिल्यावर तो मुलगा आठवला, आणि घाट चढून होईपर्यंत मनातून गेला नाही.

आमचे मत असे आहे की शर्यत कोणी जिंकली हे पाहण्याइतकेच, ती शेवटच्या माणसाने पुरी केली की नाही हे पाहणे हे भरविणाऱ्यांचे कर्तव्य आहे. यात हळवेपणा नाही. बेळगावचे फडेप्पा दारेप्पा चौगुले यांचे नाव आमच्या विद्यार्थ्यांनी ऐकले असेल. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत शेतकऱ्यांच्या मुलांना धावताना पाहून सर दोराबजी टाटा प्रभावित झाले, आणि १९२० साली अँटवर्पच्या ऑलिम्पिकला हिंदुस्थानचे जे खेळाडू गेले त्यांत चौगुले होते. त्या वर्षीची ऑलिम्पिक मॅरेथॉन ४२.७५ किलोमीटरची होती. फिनलंडचे कोलेहमाइनेन २ तास ३२ मिनिटांत पहिले आले. चौगुले २ तास ५० मिनिटांत एकोणिसावे. या दोघांमध्ये अठरा मिनिटांचे अंतर! पहिल्या तिघांनंतर पंचांनी आमच्यासारखे घड्याळ खिशात टाकले असते, तर आपल्या मुलखातील त्या पहिल्या ऑलिम्पिकवीराच्या वेळेची नोंद आज कोठे सापडली असती?

कॉम्रेड्स शर्यतीत तर सारी मदार या थांबण्यावरच आहे. पहिल्या महायुद्धातून परतलेले व्हिक क्लॅफम यांनी मृत सोबत्यांच्या स्मरणार्थ १९२१ साली ती सुरू केली. त्या वर्षी चौतीस जण धावले, सोळा जणांनी शर्यत पुरी केली. ठरलेल्या वेळेच्या आत जो रेषा ओलांडील त्यास पदक मिळते. वेळ संपताच बंदुकीचा बार होतो, आणि बार काढणारा धावणाऱ्यांकडे पाठ करून उभा असतो, म्हणजे कोणाच्या केविलवाण्या चेहऱ्याकडे पाहून त्याचा हात थबकू नये. नियम कठोर आहे खरा. परंतु त्या क्षणापर्यंत प्रेक्षक जागचे हलत नाहीत. १९३० साली ही शर्यत जिंकलेले वॉली हेवर्ड १९८९ साली वयाच्या ऐंशीव्या वर्षी पुन्हा धावले. मर्यादा तेव्हा अकरा तासांची होती. ती संपावयास दोन मिनिटेही उरली नव्हती तेव्हा ते अडखळत आत आले. त्यांच्या विजयांइतकीच ही धावही लोक आजवर सांगत आले आहेत. त्याच शर्यतीत १९७५ पर्यंत स्त्रियांना व कृष्णवर्णीयांना अधिकृत प्रवेश नव्हता, हाही इतिहास विसरता येत नाही. रेषेपाशी कोणासाठी थांबावयाचे हे ठरविताना माणसे किती काळ अंध राहू शकतात, याचा तो पुरावा आहे.

काही पालक म्हणतील की अशाने चुरस नाहीशी होईल, जो तो रमतगमत धावू लागेल. आम्हांस ही भीती पटत नाही. पहिल्या तिघांची बक्षिसे खुशाल राहोत. आमची सूचना एवढीच की पंधराशे मीटरच्या शर्यतीस वेळेची एक उदार मर्यादा असावी, तिच्या आत येणाऱ्या प्रत्येकाची वेळ वहीत नोंदवावी, आणि तोवर फीत खाली उतरू नये. मुलास मग स्वतःच्याच गतवर्षीच्या वेळेशी झुंजता येईल. वर्गातील पन्नासांपैकी सत्तेचाळीसांना यापरते दुसरे प्रतिस्पर्धी नसतात.

दुसरी शंका उलट बाजूची आहे: आमचे पाहून मुले तुळजापुराकडे धावू लागली तर? त्यांना आमचे स्पष्ट सांगणे आहे की तसे करू नये. वाढत्या वयाच्या हाडांना व सांध्यांना इतका पल्ला मानवत नाही, आणि आमच्यासारख्या चाळिशी उलटलेल्या माणसानेसुद्धा डॉक्टरांचा सल्ला घेतल्यावाचून जाऊ नये. सोलापूरच्या उन्हाळ्यात तर दुपारी धावण्याचे नावही काढू नये. शाळेच्या मैदानाच्या चार-पाच फेऱ्या मुलांस पुरेशा आहेत.

तो मुलगा पुढे शाळा सोडून गेला. तो सध्या कोठे आहे हे शोधून काढून, निदान एक पत्र लिहावे असा आमचा विचार आहे. या वर्षीच्या क्रीडास्पर्धांत फीत धरण्याचे काम आम्ही मुद्दाम मागून घेतले आहे. पंधराशे मीटरची शर्यत दिवसाच्या अखेरीस, साडेचारनंतर असते. ज्या पालकांस सवड असेल त्यांनी ती संपेपर्यंत थांबावे.