ओल्या गालिच्यावरचे तारे

गौरीजेवणाच्या दिवशी वाटीभर वरण गालिच्यावर सांडलं. कोणाच्या हातून, ते घरात सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी बोलत नाही. (माझ्याच.) वहिनी साबणाचा फडका घेऊन धावली, तो मी तिच्या हातून जवळजवळ हिसकावून घेतला. हळदीत चुना पडला की कुंकू होतं, हे आपल्याकडे शाळेत शिकवावं लागत नाही. साबणातला क्षारही तेच करतो. पिवळा डाग लाल होतो आणि मग पाहुणे विचारतात, इथे काय झालं होतं?

कोरड्या कापडाने जेवढं टिपता येईल तेवढं टिपलं. दिवाळीआधी गालिचा धुऊनच घेऊ, असं ठरलं आणि मी फोन लावायला बसले. प्लंबर, इलेक्ट्रिशियन, पेस्ट कंट्रोलवाले या सदरात येऊन गेले आहेत. गालिचे धुणारे अजून यायचे होते.

पहिल्याने विचारलं, "मॅडम, किती बाय किती?" सहा बाय नऊ, म्हटलं. "म्हणजे चौपन्न फूट. उद्या मुलं पाठवतो." दुसरीकडे माणूसच नव्हता, ॲप होतं. त्यात लहान, मध्यम आणि मोठा असे तीन चौकोन, एकावर बोट ठेवायचं आणि वेळ निवडायची. तिसरे कॅम्पातले एक वयस्क गृहस्थ. गालिचे रफू करणं हा त्यांचा मूळ धंदा, धुणं जोडीला. ते म्हणाले, "ताई, एक कोपरा उलटा करून पाठीचा फोटो पाठवा. मग बोलू."

त्या एका वाक्यावर मी त्यांना घरी बोलावलं. का, ते सांगायला तीन वर्षं मागे जावं लागेल.

तेव्हा आमच्याकडे दुसरा गालिचा होता. दाराखालून आलेल्या पत्रकावर छापलं होतं, 'संपूर्ण गालिचा ४९९ रुपयांत, स्टीम क्लीनिंग'. दोन तरुण मुलं आली, वागायला चांगली. ड्रिलला ब्रश लावून त्यांनी अर्ध्या तासात गालिचा फेसाने भरून टाकला. ४९९ हा दर फक्त 'वरच्या धुळीचा' होता. डागाचे वेगळे, वासाचे वेगळे, जंतू मारायचे वेगळे, असं करत आकडा २,८०० वर गेला. गालिचा अर्धा भिजलेला असताना माणूस काय नाही म्हणणार? जाताना एक मुलगा दारात उभा राहून म्हणाला, "ताई, फाइव्ह स्टार द्या ना, नाहीतर आमचे पैसे कापतात." दिले. गालिचा तेव्हा खरंच झळकत होता.

तिसऱ्या दिवशी खोलीत कुबट वास येऊ लागला. चौथ्या दिवशी कडेने चहासारखी तपकिरी रेघ उमटली आणि जुना कॉफीचा डाग, जो गेला म्हणून मी पाच तारे दिले होते, तो जसाच्या तसा वर आला. महिन्याभरात पाठीचं कापड सुटून खालून पांढरा भुगा पडायला लागला. पत्रकावरचा नंबर अस्तित्वात नव्हता.

यात जादूटोणा काही नव्हता. तो गालिचा टफ्टेड होता, म्हणजे कापडावर मशीनने लोकर टोचायची, मागून रबरासारख्या लॅटेक्सने चिकटवायची आणि वर दुसरं कापड लावून पाठ झाकायची. जुनं होताना हे लॅटेक्स सुकत, ठिसूळ होत जातं. त्यावर बादलीभर पाणी ओतून ते आत तसंच ठेवलं तर वास येतो, थर सुटतात. डाग परत येतो तो वातीसारखा. खाली मुरलेला रंग पाण्याबरोबर धाग्यातून वर चढतो, पाणी टोकाला उडून जातं आणि रंग तिथेच राहतो. कडेची तपकिरी रेघ हीदेखील सुती किंवा तागाच्या पाठीतून ओलाव्याबरोबर वर आलेली. हे सगळं वाळताना घडतं, आणि वाळायला लागतो एक दिवस, दमट हवेत दोन. तारे मात्र आपण पहिल्याच तासात, ओल्या गालिच्यावर देतो.

म्हणून या धंद्यात तरी मी रेटिंग बघायचं सोडलं आहे. चार पूर्णांक आठ दशांश म्हणजे लोकांना मुलं वेळेवर आलेली आवडली आणि ती गोड बोलली, एवढंच. मला त्या माणसाचा सहा महिन्यांपूर्वीचा गिऱ्हाईक हवा असतो. त्याला एकच प्रश्न विचारायचा: "वाळल्यावर कसा दिसला?" असा एकही फोन नंबर जो देऊ शकत नाही, त्याच्याकडे बाकी विचारण्यासारखं फारसं उरत नाही.

तर फोटो पाठवला आणि दुसऱ्या दिवशी कॅम्पातले ते चाचा आले. (नाव त्यांच्या परवानगीशिवाय छापत नाही.) आमचा आत्ताचा गालिचा भदोहीचा, प्रदर्शनात घेतलेला, हाताने गाठी मारलेला. त्याच्या पाठीवर पुढच्यासारखीच नक्षी स्पष्ट दिसते आणि बारीक गाठी मोजता येतात. कापड लावून झाकण्यासारखं तिथे काही नसतं. तरीही त्यांनी झालरीचा एक धागा कापून जाळला, मग आतल्या लोकरीचा एक केस. झालर कागदासारखी जळली, म्हणजे ताण्याचे उभे धागे सुती. लोकरीला केस जळल्यासारखा वास आला आणि बोटांत तिचा चुरा झाला. नायलॉन किंवा पॉलिस्टर असतं तर वितळून कडक मणी झाला असता. मग पांढरा ओला रुमाल एका लाल फुलावर दाबून दोन मिनिटं गप्प बसले. रंग उतरला नाही. मशीनचं नाव अजून कुठेच निघालं नव्हतं.

लोकर म्हणजे शेवटी केसच. धुण्याच्या सोड्याने आपण डोकं धूत नाही, पण गालिच्यावर तीव्र क्षारी पावडर बिनदिक्कत ओततो. क्लोरीनचं ब्लीच तर लोकर अक्षरशः विरघळवतं. 'बांबू सिल्क', 'आर्ट सिल्क' अशा गोंडस नावांनी दुकानात जे मिळतं ते बहुतेकदा व्हिस्कोस, लाकडाच्या किंवा बांबूच्या लगद्यापासून काढलेला धागा. ओला झाला की तो निम्म्याच्या आसपास ताकद गमावतो. वर ब्रश फिरवला की त्याची चमक गेली, काथ्या झाला. तेव्हा एकच मशीन आणि एकच शाम्पू घेऊन पाच घरांत फिरणाऱ्याला तुमचा गालिचा कसला आहे ते विचारायचं कारणच नसतं. उत्तर काहीही आलं तरी तो तेच करणार असतो.

'स्टीम' या शब्दाबद्दलही थोडं. बहुतेक वेळा वाफ नसते. गरम पाणी दाबाने आत सोडतात आणि लगेच ओढून घेतात. पद्धत चांगली आहे, पण तिचा जीव ओढून घेण्यात आहे, सोडण्यात नाही. त्यामुळे "किती तासांत वाळेल?" हा साधा प्रश्न फार कामाचा. "दोन तासांत" म्हणणारा एक तर वरवर पुसणार असतो, नाहीतर खोटं बोलत असतो. "पंखा लावून रात्रभर, आणि पावसाळ्यात मी घरी ओलं काम घेतच नाही" असं म्हणणारा मला आवडतो. जुलैत मुंबईत किंवा रत्नागिरीत जिथे रुमाल वाळत नाही, तिथे चौपन्न फूट लोकर काय वाळणार?

आणि पाण्याच्या आधी कोरडं काम. गालिच्यातला मळ म्हणजे मुख्यतः माती, बारीक रेती. आमची आजी वर्षातून दोनदा जाजम गच्चीच्या कठड्यावर उलटं टाकून काठीने बडवायची. आसपासच्या चार वाड्यांना ते कळायचं. पाठीकडून बडवल्याने रेती खाली पडते. ती न काढता पाणी ओतलं तर गालिच्यात चिखल होतो. येणारा माणूस व्हॅक्यूम पाठीकडूनही फिरवतो का, एवढं बघा.

पैशाचं म्हणाल तर दर फुटावर ठरवा आणि त्यात काय काय आलं ते व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. निम्मे काम झाल्यावर, निम्मे वाळल्यावर, असं मी सुचवते. भल्या माणसाची त्याला हरकत नसते. गालिचा कारखान्यात न्यायचा असेल तर दोन्ही बाजूंचे आणि चारही कोपऱ्यांचे फोटो, लांबी-रुंदी आणि पावती. बिल मागाच. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ही सेवाच आहे, हेल्पलाइन १९१५ आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला जिल्हा आयोगात शुल्क नाही. गालिच्यासाठी कोण आयोगात जातं, हे खरंच. पण बिल देणाऱ्यालाही ते ठाऊक असतं आणि त्याचा हात जरा जपून चालतो.

आपलंही चुकतं. चाळीस हजारांचा गालिचा घेणारे आपण धुणाऱ्याशी फुटामागे दोन रुपयांवरून हुज्जत घालतो. तो मग ते दोन रुपये शाम्पूत आणि वेळात भरून काढतो. गालिच्याच्या बाबतीत घासाघीस दोन्ही अर्थांनी वाईट.

चाचांनी शेवटी डागाकडे पाहिलं. मला वाटलं, आता आकडा सांगतील. ते म्हणाले, "धुवायची गरज नाही. दोन वर्षं तरी नाही. बडवून घ्या, बस." आणि हळद? "हळदीला पाणी, साबण काही लावू नका. ऊन दाखवा. हळद उन्हात उडते. फक्त बाकीचा रंग झाका, नाहीतर तोही उडेल." येण्याचे दोनशे रुपये घेतले, चहा घेतला आणि गेले. चौपन्न फुटांचं काम त्यांनी आपणहून सोडलं होतं. वाळलेल्या गालिच्यांचे नंबर मी त्यांच्याकडे मागितलेच नाहीत.

हा मजकूर लिहिते आहे तेव्हा गालिचा गॅलरीत आहे. ऑक्टोबरचं ऊन कडक आहे. डागाच्या आकाराचं भोक पाडून त्यावर वर्तमानपत्र पसरलं आहे आणि चौथ्या दुपारी पिवळेपणा बराच फिका झाला आहे. अंक गेल्या आठवड्याचा आहे, आणि ह्यांनी कात्री नेमकी या सदरावर चालवली आहे.