संजा भिंतीवरची आणि छापील

उज्जैनसह माळव्यात पितृपक्षात कुमारिका भिंतीवर शेणाने ‘संजा’ काढतात. रोज नवी आकृती, तीवर फुलांच्या पाकळ्या, शेवटी ‘किलाकोट’ आणि मग विसर्जन. गुण नाहीत, प्रदर्शन नाही. थोरलीचे पाहून धाकटी शिकते. अलीकडे मात्र बाजारात छापील कागदी संजा मिळते. ती चिकटवली की काम संपले.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अध्यापन कलेशी जोडण्याचा आग्रह धरला. प्राथमिक वर्गांत त्याचे रूप बहुधा तयार साच्यात रंग भरण्याचे असते. म्हणजे छापील संजाच. (पालकांनी रात्र जागवून केलेले ‘प्रकल्प’ वेगळेच!) भीमबेटकाची शैलचित्रे १९५७मध्ये उजेडात आणणारे उज्जैनचे विष्णू श्रीधर वाकणकर पुरातत्त्वज्ञ होते, तसेच चित्रकारही. ती चित्रे त्यांनी स्वतः रेखाटून अभ्यासली. पाहणे आणि काढणे त्यांच्या लेखी एकच होते.

पितृपक्षाआधी गोव्यात चतुर्थीची माटोळी सजते. तिच्यातील रानफळे मुलांनी ओळखावीत, न्याहाळून काढावीत. खर्च नगण्य आहे. मात्र चित्रकलेचा तास परीक्षेच्या तयारीला द्यायचा नाही, एवढे शाळांना ठरवावे लागेल.