एका थेंबात एंडपॉइंट

प्रथम वर्ष बी.एस्सी.च्या पहिल्या प्रॅक्टिकलला मी मुद्दाम बारावीचंच टायट्रेशन देते. ब्युरेटमध्ये पोटॅशियम परमँगनेट, खाली फ्लास्कमध्ये ऑक्झॅलिक ॲसिड. यंदा एका मुलाने एक थेंब सोडला आणि हात वर केला. "मॅडम, एंडपॉइंट आला!" रीडिंग ०.१ मिली.

फ्लास्कमध्ये गुलाबी रंग होता, हे खरं. द्रावण तापवायचं तेवढं राहिलं होतं. साठ-सत्तर अंशांपर्यंत नेलं नाही, तर ही अभिक्रिया सुरुवातीला रेंगाळते, पहिल्या थेंबाचा रंग जायचं नाव घेत नाही. गंमत म्हणजे द्रावण का तापवायचं हे त्याला पाठ होतं. चार पर्याय समोर ठेवले असते तर बरोब्बर टिचकी मारली असती. बर्नर पेटवायची वेळ मात्र त्याच्यावर कधी आली नव्हती. बारावीला प्रॅक्टिकलचे तीसपैकी २९.

"मग जर्नल?"

"क्लासमधून मिळालं होतं, उतरवून काढलं."

"आणि रीडिंग?"

"सगळ्यांचं सेमच होतं, मॅडम."

मुलगा ढ नाही, आळशी तर मुळीच नाही. दोन वर्षं पहाटे साडेपाचला उठून क्लासला जात होता. नाव एका कॉलेजच्या पटावर, देह दुसरीकडे. याला 'इंटिग्रेटेड' असं भारदस्त नाव आहे. २०१८ मध्ये सरकारने विज्ञान शाखेच्या मुलांना बायोमेट्रिक हजेरी लावून पाहिली. अंगठा उमटला की मूल वर्गात बसलं, असं समजणं भाबडेपणाचं होतं.

पालकांना नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही, कारण हिशेब त्यांच्या बाजूने आहे. इंजिनीअरिंगच्या कॅप फेऱ्यांत बारावीचे गुण लागतात ते पात्रतेपुरते. खुल्या गटाला पीसीएममध्ये ४५ टक्के पडले की पुढचं सगळं सीईटीच्या पर्सेंटाइलवर. सीईटीत अकरावीचा वाटा २० टक्क्यांच्या आसपास आणि अकरावीची परीक्षा तर कॉलेजच घेणार. मग अकरावी कोण वाचतो? पदवीचा शिक्षक मात्र पहिल्या तासाला अकरावीवरच उभा राहतो. सदिश, लिमिट, मोल हे सगळं येतंय असं धरून तो पुढे निघतो आणि वर्ग मागे राहतो.

दहा अधिक दोन अधिक तीन या आकृतिबंधातली मधली दोन वर्षं म्हणजे शाळेतून विद्यापीठात जाण्याचा पूल. सगळ्यात जास्त तो लागतो मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना. त्वरण, घर्षण, संप्लवन शिकून आलेली मुलगी अकरावीला एकदम इंग्रजी पुस्तकापुढे बसते. हुशार असली की वर्षभरात शब्द ओळखू लागते. पण बहुपर्यायी प्रश्नाला शब्द ओळखण्यापलीकडे काही लागत नाही. दोन वर्षांत हजारो प्रश्न सोडवूनही इंग्रजीत सलग चार वाक्यं लिहायची पाळी तिच्यावर क्वचितच येते. मग पहिल्या सेमिस्टरला 'एक्स्प्लेन' असा पाच मार्कांचा प्रश्न येतो आणि जिला उत्तर येत असतं, तिच्या पेपरवर दीड ओळ असते. असे पेपर मी दरवर्षी तपासते. तिच्यापुरतं विचाराल तर माझं म्हणणं असं की, रोज एक उत्तर पुस्तक मिटून, चुकीच्या इंग्रजीत का होईना, पूर्ण वाक्यांत लिहावं. कोणी तपासलं नाही तरी चालेल.

निवडीचीही सवय मोडलेली असते. नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीला मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह आणलं. ओपन इलेक्टिव्ह आपल्या शाखेबाहेरचा घ्यायचा, कल्पना छान आहे. प्रवेशाच्या खिडकीशी मी ऐकलेला प्रश्न : "यातल्या कशाला प्रेझेंटी घेत नाहीत?" दोन वर्षं ज्याला काय वाचायचं, किती वाजता, कितव्या पानापर्यंत, हे दुसऱ्याने सांगितलं, तो आणखी काय विचारणार? कॉमर्स आणि आर्ट्सची मुलं या बाबतीत थोडी सुदैवी. त्यांच्याकडे दुपार मोकळी असते आणि दुपारी लायब्ररीत भलतंच पुस्तक हाती लागू शकतं.

क्लास बंद करा, असं मी म्हणत नाही. माझ्या स्वतःच्या भाच्याला मीच घातलंय. फक्त आठवड्यातली एक दुपार त्याच्या ज्युनिअर कॉलेजच्या लॅबसाठी मोकळी सोडायला लावली, त्यावरून ताईशी दोन दिवस अबोला झाला.

तो ०.१ मिलीवाला मुलगा दुसऱ्या दिवशी मोकळ्या तासाला आला. या वेळी द्रावण तापवलं. मग ब्युरेटपाशी अडला. 'खालचा मेनिस्कस वाचायचा' हे पाठ आणि परमँगनेट इतकं गडद की खालचा दिसेचना. वरचा वाचायचा असतो का, हे त्याने थोडा वेळ डोळे बारीक करून मग विचारलं. रीडिंग आली ९.६, ९.९, ९.७.

"मॅडम, जुळत नाहीत. ९.७ लिहू तिन्हीकडे?"

मी नुसतं पाहिलं. त्याने ब्युरेट पुन्हा भरली. घंटा होऊन गेली होती, शिपाईमामा किल्ल्या घेऊन दारात उभे होते.