अक्षरांचा शेजारधर्म

एका वाड्यांत दोन कुटुंबें राहूं लागलीं म्हणजे कोणाची खोली कोणती, हें आधींच ठरलेलें बरें. आमचे कांहीं विद्यार्थी आज संगणकशास्त्राकडे वळत आहेत. त्यांच्यासाठीं या साध्या व्यवहाराचें एक उदाहरण येथें मांडीत आहें. लिनक्स संगणकावर चिनी फॉन्ट बसवितांना जपानी वाचकाची गैरसोय होऊं नये, एवढाच विषय; परंतु त्यांत न्यायाचा प्रश्न दडलेला आहे.

चिनी व जपानी लेखनांत हजारों अक्षरें समाईक आहेत. १९९२ सालीं युनिकोडनें पूर्वेकडील देशांचे संच एकत्र करून २०,९०२ अक्षरांस क्रमांक दिले व समाईक अक्षरास एकच क्रमांक ठेविला. वळणें मात्र एक झालीं नाहींत. ‘सरळ’ या अर्थाचें अक्षर जपानी मनुष्य लिहितो, तेव्हां डावीकडे उभी रेघ काढून ती तळाशीं उजवीकडे वळवितो. आजच्या चिनी वळणांत ती उभी रेघ नसते. ‘हाड’ या अक्षरांतील आंतला लहान कोपरा चीनमध्यें डावीकडे, तर जपानांत उजवीकडे असतो. क्रमांकावरून संगणकास अक्षर कळतें. वळण फॉन्ट ठरवितो.

कोणता फॉन्ट पुढें करावा, हें लिनक्सवर फॉन्टकॉन्फिग नांवाची व्यवस्था पाहते. तिचे नियम लहान लहान फाइलींत असतात व फाइलींच्या नांवाआरंभींच्या अंकांच्या क्रमानें ते वाचले जातात. चिनी फॉन्टाचें पॅकेज करणारा गृहस्थ आपल्या वाचकांच्या सोयीसाठीं नियम घालतो कीं, हा फॉन्ट सर्वांआधीं घ्यावा. हेतु चांगला, पण भाषेची अट घालावयास तो विसरतो. मग जपानी मजकूरहि चिनी वळणानें उमटूं लागतो.

चिनी फॉन्टांत जपानी काना लिपि कोठून आली, असें कोणी विचारील. १९८० सालच्या ‘जीबी २३१२’ या चिनी प्रमाणसंचांतच ६,७६३ चिनी अक्षरांबरोबर कानाहि आहे. त्यामुळें असा फॉन्ट जपानीसहि चालेल, असें व्यवस्थेस वाटूं शकतें. कारण ती अक्षरांची हजेरी घेते, हस्ताक्षर तपासीत नाहीं.

अर्थ कळतो ना, मग बिघडलें काय? बिघडतें तें शिकणाऱ्याचें. मूल शाळेंत एक वळण गिरवितें आणि पडद्यावर दुसरें पाहतें. चूक कोणाची धरावयाची? आपल्या नांवाचें अक्षर परक्या वळणांत पाहणें कोणासहि रुचत नाहीं. आपणांसहि हा अनुभव आहे. मराठी ‘ल’ व ‘श’ यांचें वळण हिंदीहून निराळें असून क्रमांक एकच आहेत. हिंदी वळणाचा फॉन्ट पुढें आला कीं मराठी मजकुरांतहि तेंच वळण उमटतें, व ‘चालतें’ म्हणून आपण गप्प बसतों. मला हें चालवून घेणें मान्य नाहीं.

चिनी वाचकाची बाजूहि खरी आहे. भाषा सांगितली नसल्यास कित्येक लिनक्स संगणकांवर जपानी वळणच पुढें येतें व त्याला तें खटकतें. परंतु एकाचा अन्याय दुसऱ्याच्या माथीं मारणें हा उपाय नव्हे. पॅकेज करणाऱ्यानें ‘मजकूर चिनी असेल तरच’ अशी अट नियमांत घालावी. फॉन्ट बसविण्यापूर्वीं व नंतर एक जपानी पान उघडून पाहावें. तें बदललें असल्यास आपलें काम अपुरें समजावें. लिहिणाऱ्यानेंहि आपल्या मजकुराची भाषा नमूद करावी. याउपर ज्याला चिनी वळणच सर्वत्र हवें असेल, त्यानें तें स्वतः निवडावें; दुसऱ्यानें त्याच्या वतीनें निवडूं नये.

विद्यार्थिमित्रहो, असलें काम पुष्कळदां विनामूल्य केलें जातें आणि तें नीट झालें तर कोणाच्या लक्षांतहि येत नाहीं. तें करतांना आपल्या भाषेइतकीच शेजाऱ्याची भाषा तपासून पाहण्याची संवय तुम्हीं आतांपासूनच लावून घ्यावी, एवढीच इच्छा आहे.