ओहोटीची वाट पाहताना

परवाच्या रविवारी एक सबंध दिवस मी होडीत घालविला. मोटारीने ज्या अंतरास अर्धा तास पुरेल, त्यासाठी सकाळपासून तिन्हीसांजेपर्यंतचा वेळ वेचणे व्यवहारी माणसास वेडेपणाचे वाटेल. परंतु जन्मभर शाळेच्या घंटेबरोबर उठबस करणाऱ्या मुख्याध्यापकाला पाण्याच्या वेळेने चालण्याचा योग क्वचितच लाभतो.

मांडवी आणि झुआरी या दोन नद्यांना जोडणारा कुंभारजुव्याचा कालवा सुमारे पंधरा किलोमीटर लांबीचा आहे. २०१६ सालच्या कायद्याने त्याची गणना राष्ट्रीय जलमार्गांत झाली असली, तरी त्यावर खरी सत्ता भरती-ओहोटीचीच. भरतीचे पाणी त्यात दोन्ही तोंडांनी शिरते व ओहोटीस दोन्हीकडे परतते. म्हणून जाणता नावाडी मांडवीकडून भरतीबरोबर आत येतो, मध्यावर थांबतो आणि पुढे ओहोटीबरोबर झुआरीत उतरतो. आमचा नावाडी असाच जाणता, साठी ओलांडलेला, माझ्याच गावचा. वल्हे तो क्वचितच मारी; एरवी ते होडीला वळण देण्यापुरतेच पाण्यात असे.

उजव्या हातास तिसवाडी, डाव्या हातास अंत्रुज. पोर्तुगीजांनी तिसवाडी घेतली १५१० साली. अंत्रुज म्हणजे फोंडा महाल त्यांच्या हाती आला तो १७६३ साली. मधली अडीचशे वर्षे हे पाणी म्हणजे दोन राज्यांची सीमा होती. चोडणचा देवकीकृष्ण मयेमार्गे माशेलास आला. कुठ्ठाळीचा मंगेश १५६० साली झुआरी ओलांडून प्रियोळास गेला. घरदार मागे टाकून देव तेवढा उराशी धरून निघालेल्या त्या माणसांना ही तिवरांची हिरवी रांग रम्य वाटली असेल काय, असा विचार मनात येऊन गेला. बाणस्तारीच्या पुलाखालून जाताना वर वाहनांची धडधड ऐकू आली आणि क्षणात मागे पडली. काठाच्या चिखलावर एक मगर ऊन खात पडली होती. आमच्याकडे तिने पाहिलेही नाही.

दुपारी पाणी स्थिरावले. नावाड्याने होडी एका जुन्या खुंट्यास बांधली व म्हणाला, "सुकती लागता म्हणसर रावया, मास्तर." मी घरून आणलेली पोळी-भाजी सोडली; त्याने पेज व आंब्याची मिस्कूट काढली. एकमेकांना वाढून आम्ही जेवलो. जेवता जेवता सभोवार पाहिले, तेव्हा कोठे मला ती जागा ओळखू आली. समोर आमचे खाजन होते.

'होते' असेच म्हणावे लागेल. मातीच्या बांधाने खारे पाणी अडवून मागे भात पिकविण्याची ही रीत आपल्या पूर्वजांची. बांधात मानस बसविलेली असते. ओहोटीला आतल्या पाण्याच्या जोराने तिची लाकडी दारे बाहेर उघडतात आणि भरती चढू लागली की बाहेरच्या दाबाने ती आपोआप मिटतात. लहानपणी वडिलांबरोबर बांधावर बसून ही दारे मिटताना मी तासन् तास पाहिली आहेत. तेथे कोरगुटाचे भात पिके. आता बांधाला मोठे खिंडार पडले आहे आणि आमच्या शेतात पुरुषभर उंचीची खारफुटी माजली आहे. आमच्या शेजारचे शेत या नावाड्याचे होते. तेही गेले.

वाचकहो, या हानीचे खापर कालव्यातून जाणाऱ्या बार्जींच्या लाटांवर फोडण्याची आपल्याकडे पद्धत आहे, आणि त्यात तथ्यही आहे. परंतु बांधाच्या डागडुजीच्या बैठकीची पत्रे वर्षानुवर्षे माझ्या घरी येत होती, हेही तितकेच खरे. एका वर्षी वार्षिक परीक्षा आडवी आली, एका वर्षी शिबिर. पुढे पुढे कारण शोधण्याचीही गरज वाटेनाशी झाली. आमच्यासारखे नोकरदार गेले नाहीत, म्हणून उरलेल्या चार हातांना बांध पेलला नाही. इतकी वर्षे मनात दडपून ठेवलेली ही गोष्ट मी त्याच्यापाशी बोलून दाखविली. तो पाण्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "बांद एकल्याचो न्हय, मास्तर." हा दिलासा होता की ठपका, हे मला अजून उमगलेले नाही. कदाचित दोन्ही असेल.

याच कालव्याच्या दक्षिणेस, दुर्भाट परिसरातील लोक पौष महिन्याच्या अखेरीस चिखलाची मगर करून शिंपल्यांनी सजवितात व तिची पूजा करतात. तिला 'मानगे थापणी' म्हणतात. बांध राखणारी म्हणून मगरीचा हा मान. सकाळी ऊन खात पडलेली ती मगर मला आठवली. राखणदारीचे आपले काम तिने सोडलेले नव्हते. ते सोडले होते आम्ही.

एवढ्यात खुंट्याजवळचा पालापाचोळा हळूहळू दक्षिणेकडे सरकू लागला. ओहोटी लागली होती. नावाड्याने दोर सोडला. झुआरीचे विशाल पात्र समोर आले, तेव्हा पलीकडचा कुठ्ठाळीचा काठ संध्याकाळच्या उन्हात पिवळा झाला होता. उतरताना मी पैसे पुढे केले. ते त्याने मोजले नाहीत. पुढच्या महिन्यात बांध पुन्हा घालण्यासंबंधी गावात बैठक आहे, एवढेच सांगून त्याने दिवस व वेळ सांगितली.

त्या दिवशी शाळेत कोणता कार्यक्रम आहे, हे मी मुद्दामच पाहिलेले नाही.