क्रिस्टल निवडायची कटकट? हवीच!

शनिवारी संभाजीनगरात, गुलमंडीवर चहा पिताना एक मित्र म्हणाला, "हॅम रेडिओसाठी घरी क्रिस्टल फिल्टर कसला बनवतोस? डोंगल घे, बाकी सॉफ्टवेअर बघून घेईल!" मंडळी, मी स्वतः सॉफ्टवेअरवाला, तरी सांगतो: साफ चूक.

स्वस्त डोंगलमध्ये ८ बिटचा एडीसी. शेजारच्या फ्रिक्वेन्सीवर कोणी दणदणीत आलं की तो ओव्हरलोड. आकडेच बिघडले, तर पुढे कितीही हुशार कोड लिहा, दबलेला सिग्नल परत येत नाही. चहा कपात ओतण्याआधी गाळतात, प्यायल्यावर नाही!

हैदराबादच्या अशर फरहान यांनी २०००च्या दशकात १४ मेगाहर्ट्झचा बिटएक्स बनवला, तो १० मेगाहर्ट्झचे साधे, स्वस्त क्रिस्टल वापरून. नंतर त्यांनी सॉफ्टवेअरवर चालणारा एसबिटएक्स काढला. त्यातही एडीसीच्या आधी क्रिस्टल फिल्टर आहेच!

"पण निवडायची कटकट?" अहो, तीच तर मजा. वीसेक क्रिस्टल आणा, एकेक ऑसिलेटरला लावून फ्रिक्वेन्सी मोजा. सगळ्यांवर छापलंय १०.०००, पण प्रत्येकाचा आकडा थोडा वेगळा! सर्वांत जवळचे चार ओळीने जोडा, मधल्या प्रत्येक जोडावरून ग्राउंडला कपॅसिटर. कपॅसिटर वाढवला की पट्टा अरुंद होतो. बोलण्याला साधारण २.४ किलोहर्ट्झ पुरे.

आपण कॉपी-पेस्टवाले. प्रत्येक कॉपी सारखीच, हे गृहीत धरतो. लेबल आणि वस्तू यांतला फरक हात भाजल्याशिवाय कळत नाही.

असो. प्रक्षेपणाला परवाना लागतो, फिल्टर सोल्डर करायला नाही. पुढचा रविवार रिकामाच आहे ना?